आरसी ट्रकसाठी ब्रशलेस मोटर आणि बॅटरी कशी निवडावी: इंदूरची माती आणि ऊन धरून

आरसी ट्रकला, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या ट्रकला, ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेली) मोटर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास केव्हीचा, म्हणजे दर व्होल्टला मोटर किती फिरते त्या आकड्याचा, निघतो: ३३०० घेऊ की ४६००? खरं तर हा प्रश्न शेवटून दुसरा आहे. आधी ट्रकचं वजन आणि तो पळणार ती जमीन बघायची, त्यावरून किती सेलची बॅटरी ते ठरवायचं, मग मोटरचा आकार, मग केव्ही आणि सगळ्यात शेवटी पिनियनचे, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचे, दाते. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात. इंदुरात तर जास्तच, कारण इथली काळी माती मोटरला ओढायला लावते आणि मे महिन्यातलं ऊन तिला गार होऊ देत नाही.

वजन, जमीन, ऊन

ट्रक चालवायच्या स्थितीत, म्हणजे बॅटरी, बॉडी, चाकं सगळं लावून, डिजिटल काट्यावर ठेवा. १:१० मापाचा (खऱ्या गाडीच्या एक दशांश) टू-व्हील ड्राइव्ह ट्रक साधारण दोन किलोच्या आसपास भरतो, त्याच मापाचा फोर-बाय-फोर अडीच ते सव्वातीन किलो, आणि १:८ चा मॉन्स्टर ट्रक चार ते साडेपाच किलो. पुढचे सगळे आकडे या वजनावर बसतात.

जमीन कडक आणि सपाट असेल, दसरा मैदानासारखी, तर मोटरला फारसं काम नसतं. सुपर कॉरिडॉरकडच्या रिकाम्या प्लॉटांवरचा मुरूम आणि गिट्टीही चालते, फक्त खडे स्पर गिअरमध्ये (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर) जाऊ नयेत म्हणून गिअरचं झाकण लावलेलं हवं. खरा भार पडतो तो उंच गवतात, नर्मदेकाठच्या सैल वाळूत आणि ओल्या काळ्या मातीत. काळी माती टायरच्या खाचा भरते, मग तिच्यावर आणखी थर चढतो. ११० मिमीचा टायर बघता बघता १२५ मिमीचा होतो. यात वजन वाढतं हे सगळ्यांना दिसतं; गिअरिंग जवळपास १४ टक्क्यांनी उंच झालं, हे लक्षात येत नाही. १३ दात्यांच्या पिनियनच्या जागी गुपचूप १५ चा बसवावा, तितका हा फरक आहे. पहिल्या पावसानंतर मैदानावर मोटरी जळतात त्या यामुळे.

उन्हाचा हिशेबही साधा आहे. मोटरच्या बाहेरच्या डब्याचं तापमान ८० अंशांच्या आत ठेवायचं, ९० ला थांबायचंच. त्यापुढे आतले निओडिमियमचे चुंबक कायमचे कमजोर होऊ लागतात आणि तारांवरचं इनॅमल सुटायला लागतं. जानेवारीच्या सकाळी हवा १० अंश असेल तर तुमच्याकडे ७० अंशांची मोकळीक आहे. मेच्या दुपारी ४२ अंशांत ती ३८ वर येते. थंडीत झकास चाललेलं गिअरिंग उन्हाळ्यात मोटर मारतं ते याच कारणाने. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, म्हणजे तापलेली मोटर तेवढ्याच कामासाठी आणखी तापते.

आधी बॅटरीचे सेल ठरवा

लिपोचा (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) एक सेल नाममात्र ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. २एस म्हणजे एकापाठोपाठ जोडलेले दोन सेल, ७.४ व्होल्ट, ३एस म्हणजे ११.१, ४एस म्हणजे १४.८ आणि ६एस म्हणजे २२.२ व्होल्ट.

समजा ट्रकला चढावर ६०० वॉट लागताहेत. २एस वर त्यासाठी सुमारे ८१ अँपिअर ओढावे लागतील, ३एस वर ५४. वायर, कनेक्टर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) यांतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तेच काम २एस वर सव्वादोन पट उष्णता सोडून होतं. भारी ट्रकला जास्त सेल आणि कमी केव्ही हे सूत्र इथून येतं.

आमचं मत स्पष्ट आहे. दोन किलोच्या टू-व्हील ड्राइव्हला २एस पुरे. त्याला ३एस लावला की तो चाकं फिरवत उलटतो आणि मागचा डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच) आधी जातो. १:१० फोर-बाय-फोरला ३एस. १:८ ला किमान ४एस. ६एस तेव्हाच, जेव्हा गिअरबॉक्स धातूचा आहे आणि समोर शंभर मीटर माणसं नसलेलं मैदान आहे.

निकेल-मेटल हायड्राइडचा सहा सेलचा ७.२ व्होल्टचा जुना पॅक घरात असेल तर तो ब्रशलेसवर चालतो, पण थ्रॉटल दाबताच व्होल्टेज बसतं आणि ट्रक मरगळलेला वाटतो. लहान मुलाला शिकवायला ठीक आहे.

मोटरचा आकार

मोटरवर ३६५०, ३६७४, ४०७४ असे चार अंक असतात. पहिले दोन डब्याचा व्यास, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये. ३६५० म्हणजे नेहमीच्या ५४० मापाची मोटर. ताकद खरी इथे असते: जास्त तांबं, जास्त लांब चुंबक, उष्णता सोडायला जास्त पृष्ठभाग.

टू-व्हील ड्राइव्हला ३६५० बसते. तीन किलोच्या फोर-बाय-फोरला ३६५० बसते खरी, पण इंदूरच्या उन्हाळ्यात ३६६० किंवा ३६६५ घ्या. हा दहा-पंधरा मिमीचा फरक पैशात थोडा आणि तापमानात मोठा असतो. १:८ ला ४०७४ किंवा ४२७४. विकत घेण्याआधी फूटपट्टीने चेसिसवरची जागा मोजा: लांब मोटर मधल्या ड्राइव्हशाफ्टला किंवा बॅटरीच्या खाचेला अडते, आणि मागे निघणाऱ्या वायरींनाही दीड-दोन सेंटीमीटर लागतात. शाफ्टही बघा. ३६५० मापाच्या बहुतेक मोटरींचा शाफ्ट ३.१७ मिमी असतो, ४० आणि ४२ मिमीच्या मोटरींचा ५ मिमी. पिनियनचं भोक त्याच मापाचं लागतं. दात्यांचं माप स्परशी जुळायला हवं: ४८ पिच, ३२ पिच किंवा मॉड १. ३२ पिच आणि मॉड ०.८ जवळजवळ सारखे असल्याने एकमेकांवर चालून जातात. ४८ आणि ३२ कधीच नाही.

चार पोलच्या, म्हणजे आत चार चुंबकी ध्रुव असलेल्या, मोटरीला कमी वेगातला जोर जास्त असतो, ट्रकला तीच हवी. दोन पोलच्या मोटरी हलक्या गाड्यांसाठी सोडा.

आता केव्ही

केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. तो ताकदीचा आकडा नाही. दर अँपिअरला मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) केव्ही वाढला की तेवढ्याच प्रमाणात घटतो. ४६०० केव्हीची मोटर ३३०० इतकाच टॉर्क द्यायला सुमारे १.४ पट करंट ओढते.

मैदानात उड्या मारणाऱ्या ट्रकसाठी केव्ही गुणिले नाममात्र व्होल्टेज साधारण २४ ते ३७ हजारांच्या दरम्यान यावं. २एस वर ३३०० ते ४५००, ३एस वर २६०० ते ३२००, ४एस वर १९०० ते २४००, ६एस वर १२०० ते १६५०. वेगाची हौस असेल तर ४० हजारांपर्यंत जा, पण मग तापमापी खिशात ठेवा. मोटरची कमाल फेऱ्यांची मर्यादा तपासताना मात्र भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज धरायचं: ३३०० केव्ही ३एस वर ३३०० × १२.६, म्हणजे ४१,५८०. मर्यादा ५०,००० असेल तर बरी जागा उरते.

दगडांवर चढणारा क्रॉलर हे वेगळंच काम आहे. तिथे ३एस वर १८०० ते २३०० केव्ही आणि सेन्सर असलेलीच मोटर. बिनसेन्सरची प्रणाली फिरत्या मोटरीत उमटणाऱ्या उलट व्होल्टेजवरून रोटर (मोटरचा फिरणारा भाग) कुठे आहे ते ओळखते. मोटर थांबलेली असताना ते व्होल्टेज शून्य असतं, म्हणून सुरुवातीला ती अडखळते, थरथरते. पळणाऱ्या ट्रकला हे चालतं. चढावर अर्धा इंच सरकायचं असेल तेव्हा नाही. सेन्सरची बारीक वायर आणि तिचं सॉकेट चिखलात लवकर गंजतं, एवढं लक्षात ठेवा.

वेग कागदावर काढून बघा

समजा स्पर ५४, पिनियन १३, आतला गुणोत्तर २.८५ (ट्रकच्या पुस्तिकेत दिलेला असतो), टायर ११० मिमी, ३३०० केव्ही, ३एस. ५४ भागिले १३ गुणिले २.८५ म्हणजे ११.८४. मोटर ३६,६३० फेरे, भागिले ११.८४, म्हणजे चाक ३०९४ फेरे. टायरचा परीघ ०.३४६ मीटर. मिनिटाला सुमारे १०७० मीटर, ताशी ६४ किलोमीटर. प्रत्यक्षात भाराखाली याच्या ८० ते ८५ टक्के मिळतं, म्हणजे ५१ ते ५५. हीच गाडी २एस वर कागदावर ४३ दाखवते. कागदावर ७० च्या वर गेलात तर पिनियन कमी करा. पायी चालणाऱ्या माणसाला तीन किलोचा ट्रक त्या वेगाने लागला तर हाड मोडू शकतं.

ईएससी

इथे कंजुषी नको. सेलची मर्यादा मोडली की ईएससी त्याच क्षणी जाऊ शकतो. ३एस पर्यंतचा असेल तर ४एस एकदाही लावायचा नाही. ३६५० ला ६० ते ८० अँपिअर, ३६६० ते ३६७४ ला १२०, ४० आणि ४२ मिमीच्या मोटरींना १५०. हॉबीविंगसारख्या कंपन्या मोटर आणि ईएससीची जोडी एकत्र विकतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने जोडीच घ्यावी, जुळवणीची डोकेदुखी वाचते. ईएससीतून सर्व्होला (चाकं वळवणारी छोटी मोटर) किती व्होल्ट जातात तेही बघा. ७.४ व्होल्टवर ६ व्होल्टचा सर्व्हो जळतो.

पॅक निवडताना

क्षमता ५००० एमएएच हा १:१० ला नीट बसणारा आकडा. त्यातले ८० टक्के, म्हणजे ४ अँपिअर-तास वापरायचे. सरासरी १६ अँपिअर ओढ धरली तर पंधरा मिनिटं मिळतात. ७६०० चा पॅक जास्त वेळ चालेल, पण वजन वाढेल आणि मोटर तापेल. दोन ५००० चे पॅक आणि मध्ये दहा मिनिटांची विश्रांती हे केव्हाही चांगलं, कारण त्या दहा मिनिटांत मोटरही निवते.

सी-रेटिंग म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट पॅक देऊ शकतो. ५ अँपिअर-तास गुणिले ५० सी, म्हणजे २५० अँपिअर, निदान स्टिकरवर. स्टिकरवर भरवसा ठेवू नका. ईएससीच्या अँपिअरच्या दुप्पट आकडा स्टिकरवर असेल असा पॅक घ्या, आणि मग दोन गोष्टी स्वतः तपासा. एक, वजन: जास्त करंट देणारा सेल त्याच क्षमतेला जड असतो. ५००० चा २एस हार्डकेस पॅक अडीचशे ग्रॅमच्या बराच खाली भरत असेल तर क्षमता किंवा सी, दोन्हींतलं एक खोटं आहे. दोन, अंतर्गत रोध, जो बरेचसे डिजिटल चार्जर दाखवतात. या मापाच्या चांगल्या नव्या पॅकमध्ये दर सेलला २ ते ४ मिलिओहम दिसतो. समजा ६ आहे: दोन सेलचे १२ मिलिओहम, ८० अँपिअरला जवळपास एक व्होल्ट तिथेच पडतो आणि ७७ वॉट उष्णता पॅकच्या आत तयार होते. ट्रक मंद, पॅक गरम, आणि दोष मात्र मोटरीला दिला जातो. आकडा १५ च्या पुढे गेला किंवा एका सेलचा बाकीच्यांच्या दुप्पट झाला की तो पॅक ट्रकमधून काढा.

उड्या मारणाऱ्या ट्रकमध्ये हार्डकेसच हवा. नेहमीचा २एस पॅक साधारण १३८ × ४७ × २५ मिमी असतो, ३एस तेवढाच लांब पण उंच. बॅटरी धरणारी पट्टी बसते का बघा.

कनेक्टर ८० अँपिअरपर्यंतच्या ईएससीला एक्सटी६० पुरतो, त्यापुढे एक्सटी९० किंवा ईसी५. वायर १२ गेज, १:८ ला १० गेज. डाख द्यायला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न घेऊ नका. जाड वायर उष्णता ओढून घेते, टाका वरून चकाकतो आणि आतून कोरडा राहतो. जेल रोडवर ६० ते ८० वॉटचं सहज मिळतं. एका वेळी एकच वायर उघडी ठेवा, आणि कनेक्टरची जोडी एकमेकांत अडकवून मगच डाख द्या, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकमुळे पिन तिरपी होत नाही.

चार्जर बॅलन्स करणाराच, म्हणजे प्रत्येक सेल सारखा भरणारा. १सी ने भरायचं, ५००० ला ५ अँपिअर. ३एस ला त्यासाठी १२.६ × ५, म्हणजे ६३ वॉट लागतात. ५० वॉटचा चार्जर चार अँपिअरवर अडकतो. ८० वॉटचा घ्या.

बसवताना

मोटरचे एम३ स्क्रू आधी मोजा. माउंटची जाडी आणि वॉशर वजा करून मोटरीत ४ ते ५ मिमीच शिरायला हवेत. लांब स्क्रू आतल्या वाइंडिंगला टेकतो, इनॅमल सोलतो, आणि नवी मोटर पहिल्या थ्रॉटललाच धूर सोडते.

पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर यावा. शाफ्ट आणि स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब, मग कसा. तेलकट शाफ्टवर थ्रेडलॉक धरत नाही. पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, मोटर कसा, पट्टी फिरवून बाहेर काढा: तिच्यावर घड्या उमटल्या पाहिजेत, फाटता कामा नये. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बघा, कारण तो क्वचितच अगदी गोल असतो.

बिनसेन्सर मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. सेन्सरच्या मोटरीत ए ला ए, बी ला बी, सी ला सी, आणि दिशा फक्त सेटिंगमधून बदला. बॅटरीची धन-ऋण टोकं मात्र क्षणभरही उलटी लागू नयेत.

थ्रॉटलची मर्यादा ईएससीला शिकवा, बॅटरीचा प्रकार लिपो निवडा, कटऑफ (ज्या व्होल्टेजला ईएससी मोटर थांबवतो तो) दर सेलला ३.४ व्होल्ट ठेवा, टायमिंग कंपनीने दिलंय तेच. स्लिपर क्लच (धक्का बसला की घसरून गिअर वाचवणारा) इतका कसा की दणक्यात सुटताना तो हात-दीड हात घसरेल. पूर्ण कसलेला स्लिपर सगळा धक्का डिफरन्शियलवर टाकतो.

तापमापीने शेवटचा निर्णय

पुस्तिकेत दिलेल्या पिनियनपेक्षा दोन दाते कमी लावून सुरुवात करा. तीन मिनिटं चालवा, थांबा, इन्फ्रारेड तापमापीने मोजा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही तापमापी खूपच कमी आकडा दाखवते. डब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. लगेच मोजून थांबू नका, दीड-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा: आतल्या वाइंडिंगची उष्णता तोवर बाहेर येते. ७० च्या खाली असेल तर एक दाता वाढवा आणि पूर्ण पॅक चालवून बघा. ८० ओलांडलं तर एक कमी. पिनियन कमी करत गेलात तरी तापमान उतरत नसेल, तर मोटर ओढून नव्हे, अति फिरून तापते आहे. त्या बॅटरीला केव्हीच जास्त झाला. तिथे पंखा लावून भागत नाही, कमी केव्हीची मोटर घ्यावी लागते.

बॅटरी हाताला कोमट लागेल इतपत, ५० अंशांपर्यंत ठीक. ६० ला पॅक आतून बिघडायला लागतो. थंडीत उलट: १० अंशांतला पॅक आळशी असतो, आधी घरात ठेवून २५ पर्यंत येऊ द्या.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला किंवा ऊन उतरल्यावर चालवा, एक दाता कमी करून. काळ्या मातीची कोरडी धूळ ईएससीच्या पंख्यात आणि मोटरच्या बेअरिंगमध्ये शिरते. दर फेरीनंतर मऊ ब्रशने झटका, महिन्याला बेअरिंगला एक थेंब पातळ तेल. पावसात दोन दाते कमी, आणि दर पाच मिनिटांनी टायरवरची माती काढा. वॉटरप्रूफ लिहिलेला ईएससी असला तरी त्याचा पंखा आणि बॅटरीचा कनेक्टर सहसा वॉटरप्रूफ नसतो.

ठेवताना आणि टाकताना

दोन दिवसांहून जास्त वापर नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, चार्जरमध्ये स्टोरेजची सोय असते. पूर्ण भरलेला पॅक मेमध्ये आठवडाभर कपाटात पडला की फुगतो. उन्हात उभ्या गाडीत पॅक कधीच सोडू नका. चार्जिंग फरशीवर, पलंगापासून आणि पडद्यांपासून लांब, समोर बसून. बाजूला कोरड्या वाळूची बादली.

फुगलेला पॅक टोचायचा नाही, दाबायचा नाही, पुन्हा चार्जही करायचा नाही. तो ३एस पर्यंतचा असेल तर मोकळ्या जागी विटांवर ठेवून त्याला १२ व्होल्ट २१ वॉटचा गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब जोडा. बल्ब विझल्यावरही रात्रभर जोडलेला राहू द्या, मग मल्टिमीटरने शून्य झालं का बघा. वायरी एक-एक करून कापा, दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीतून शॉर्ट होतं. टोकांना टेप लावून पॅक महापालिकेच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो त्यात द्या, आणि गाडीवरच्या माणसाला सांगा की ही लिथियम बॅटरी आहे.